व्याख्येवाचून आकडा आंधळा

मुळशी खोऱ्यात आषाढाच्या पावसात भातलावणी करणारी स्त्री ‘कामकरी’ की ‘गृहिणी’? उत्तर तिच्या श्रमांवर नव्हे, मोजणाऱ्याच्या व्याख्येवर अवलंबून असते. १९६१ च्या जनगणनेत हंगामातील बहुतेक काळ रोज तासाभराहून अधिक शेतकाम करणारी व्यक्ती कामकरी ठरे. १९७१ मध्ये ‘मुख्य काम’ विचारले गेले. ज्यांचे मुख्य काम घरकाम असे नोंदले गेले त्या स्त्रिया गणनेतून वगळल्या गेल्या आणि देशातील कामकरी स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. १९८१ मध्ये १८३ दिवसांची कसोटी आली. चिखलातली बाई तीच. बदलला तो रकाना.

हाच धोका आपल्या विद्यार्थ्यांच्या लहानसहान पाहण्यांतही असतो. संगणकात भरलेला ‘९’ म्हणजे नऊ माणसे की ‘उत्तर नाही’, हे दोन वर्षांनी कोण सांगणार? ‘एसपीएसएस’ वा ‘स्टाटा’मध्ये प्रत्येक चलाला वर्णन आणि प्रत्येक संकेताला अर्थ जोडता येतो. परंतु प्रश्नाचे मूळ शब्द, संदर्भकाल आणि व्याख्या आपणच लिहून ठेवावयास हव्यात. ही संकेतपुस्तिका म्हणजे केवळ कारकुनी उपचार नव्हे. ती नसेल, तर राबणाऱ्या बाईचे श्रम पुन्हा एकदा, आणि या वेळी आपल्याच हातून, पुसले जातील.