दुष्काळी मजुरी आणि हजेरीपट : रोख साहाय्यामागील यंत्रणा

आपद्ग्रस्तांना धान्य द्यावे की पैसा, हा वाद आंतरराष्ट्रीय मदतकार्याच्या क्षेत्रात अलीकडे नव्या हिरिरीने चालू आहे. २०१६ साली इस्तंबूल येथे भरलेल्या जागतिक मानवतावादी परिषदेत देणगीदार राष्ट्रांनी व मोठ्या संस्थांनी रोख साहाय्य वाढविण्याचा संकल्प केला. महाराष्ट्राला मात्र हा प्रश्न नवा नाही. १९७० ते १९७३ च्या अवर्षणात ग्रामीण जनता तगली ती मुख्यतः दुष्काळी कामांवरील रोख मजुरीच्या आधाराने. मे १९७३ च्या सुमारास या कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती.

यामागील तत्त्व सोपे आहे. पीक बुडाले की शेतमजुराचे काम जाते आणि त्याबरोबर धान्य विकत घेण्याची ऐपतही जाते. बाजारात धान्य असूनही माणूस उपाशी राहतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात या विचाराची शास्त्रशुद्ध मांडणी केली. तथापि, १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींतून सिद्ध झालेल्या दुष्काळ-संहितांतही काम देऊन मजुरी देण्याची कल्पना मध्यवर्ती होती. अर्थात त्यामागे करुणेपेक्षा काटकसर अधिक होती. त्याआधी, १८७७ मध्ये, मजुरी घटविली गेली तेव्हा मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली होती.

खरी अडचण असते ती पैसा हातात पडेपर्यंतच्या वाटेत. मुकादमाने हजेरीपट भरावयाचा, ओव्हरसिअरने कामाचे मोजमाप घ्यावयाचे, त्यावरून बिल तयार व्हावयाचे, मग कोषागारातून रक्कम निघून आठवड्याच्या वाटपाला सुटे पैसे पोहोचावयाचे. यातील एक दुवा निखळला तरी वाटप लांबते. वाटप लांबले की मजूर दुकानदाराकडे उधारी करतो आणि साहाय्याचा काही भाग सावकारीत जिरतो. खोट्या हजेरीची कीडही याच कागदाला लागते. १९७२ च्या आठवणींत रस्त्याकडेच्या खडीचे ढीग वारंवार येतात, त्याचेही कारण यंत्रणेतच शोधावे लागते : पाझर तलाव किंवा नालाबांधासाठी आगाऊ पाहणी व आराखडा लागतो, खडी फोडण्यास हातोडा पुरतो.

दुसरी अट बाजाराची. मजुरीच्या पैशामुळे मागणी निर्माण झाली आणि आंतरराज्य वाहतुकीवर निर्बंध असतानाही व्यापाऱ्यांनी बाहेरून धान्य आणले. रास्त भावाच्या दुकानांतील लाल मिलोने काही भर घातली. जेथे धान्य येण्याची वाटच बंद आहे, तेथे नोटा वाटून केवळ भाव चढतील.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळ येतो आणि गाव ओस पडते. गावाजवळ काम मिळाले तर माणसे गाव सोडणार नाहीत, या जाणिवेला वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजनेचे रूप आले. १९७५ च्या व्यवसाय कराने तिला पैसा मिळाला. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, अन्यथा बेकारी भत्ता, ही तरतूद पाळावयाची तर आराखडे अवर्षणापूर्वीच तयार हवेत. म्हणून तालुक्याच्या कचेरीत मंजूर कामांची यादी ठेवण्याचा दंडक पडला. अशा कामांना सरकारी मराठीत ‘शेल्फवरील कामे’ म्हणतात.