तगाद्याच्या काळातली सोबत

कर्जात बुडालेल्या माणसाला आपल्याकडे साधारण दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतात, ‘एवढं टेन्शन कशाला घेतोस, होईल सगळं नीट.’ दुसरे म्हणतात, ‘ऐपत नव्हती तर काढलंस कशाला?’ पहिल्यांच्या मनात माया असते, दुसऱ्यांच्या मनात बहुधा राग. पण परिणाम सारखाच होतो. ऐकणारा पुढच्या वेळी बोलायचं टाळतो. किती हप्ते थकले, उसने कुणाकुणाकडून घेतले, घरातलं सोनं कुठे गहाण पडलंय, हे सगळं तो एकटाच डोक्यात घेऊन फिरतो. झोप उडते, फोन वाजला की छातीत धस्स होतं, लग्नकार्याला जाणं बंद होतं. अशा माणसाला आधार द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न भावनेइतकाच व्यवहाराचाही आहे. माझं म्हणणं असं की, मनाचा आधार आणि कर्जाचा हिशेब ही दोन वेगळी कामं समजणं हीच आपली मोठी चूक आहे. त्याच्या शेजारी बसून, न रागावता, एकेक कागद पाहणं हे आधाराचं सगळ्यात भक्कम रूप आहे, आणि त्यासाठी पदवी लागत नाही की खिशात पैसेही लागत नाहीत.

कर्ज आणि मानसिक आजार यांचं नातं आता नीट अभ्यासलं गेलं आहे. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ६५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मानसिक आजार आणि कर्ज यांचा ठळक संबंध दिसला. कर्जदारांमध्ये अशा आजाराची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अशा आकड्यांवरून सांगता येत नाही. बहुधा दोन्ही एकमेकांना ओढत नेतात: कर्जानं मन खचतं आणि खचलेल्या मनाकडून हिशेब सुटतो. या दुसऱ्या बाजूवर प्रकाश टाकणारा एक अभ्यास तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचा आहे. त्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. ४६४ शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी आधी हंगामाचे पैसे हाती येण्यापूर्वी, ओढाताणीच्या दिवसांत घेतली गेली आणि नंतर पैसे आल्यावर. माणसं तीच, पण ओढाताणीच्या दिवसांतले त्यांचे निकाल स्पष्टपणे कमी होते. टंचाईची काळजी डोक्यातली जागा अडवून बसते, असं संशोधकांचं स्पष्टीकरण होतं. ‘याला साधा हिशेबही कळत नाही का?’ असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, त्याला तो एरवी कळत असतो. त्या दिवसांत सुचत नाही, एवढंच.

सिंगापूरमधला अभ्यास याहून एक पाऊल पुढे जातो. तिथे एका धर्मादाय योजनेतून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची जुनी थकबाकी फेडली गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यानंतर लोकांची चिंता कमी झाली आणि विचार करण्याची क्षमता सुधारली. यातला लक्षात ठेवण्याजोगा भाग असा की, एकूण किती रक्कम फिटली यापेक्षा किती खाती कायमची बंद झाली याचा परिणाम अधिक होता. म्हणजे डोक्यावरचं ओझं केवळ रुपयांत मोजता येत नाही; किती ठिकाणी तोंड द्यावं लागतं, यावरही ते ठरतं. मदत करणाऱ्यांना यातून एक वाट सापडते. सगळं कर्ज फेडणं कुणाच्याही हातात नसतं, पण एखादं छोटं देणं संपवून टाकणं किंवा चार तगाद्यांचे दोन करणं पुष्कळदा शक्य असतं. मात्र जास्त व्याजाचं किंवा घर-जमिनीवर बेतणारं देणं त्यासाठी मागे ढकलू नये.

आता आपल्याकडचं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. विविध कार्यकारी सोसायटीचं पीककर्ज, त्याचं दरवर्षी होणारं नवं-जुनं, कृषी सेवा केंद्राची उधारी, सोन्यावरचं कर्ज, घरातल्या बाईच्या नावावर मायक्रोफायनान्सच्या गटाचा हप्ता, मोबाइलमधल्या ॲपवरून घेतलेले काही हजार आणि शेवटी गावातला सावकार. शहरातल्या पगारदाराच्या घरी नावं बदलतात, क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोन येतं, रचना तीच राहते. यातलं प्रत्येक देणं घरातल्या वेगळ्या माणसाला ठाऊक असतं. सगळी मिळून कुणालाच ठाऊक नसतात. गटकर्जात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायका दारात येतात, म्हणजे लाज हेच वसुलीचं साधन होतं. आणि लाजेचा पहिला परिणाम म्हणजे लपवाछपवी. म्हणून जवळच्या माणसानं करायचं पहिलं काम एवढंच आहे: एक वही घ्यावी आणि देणं कुणाचं, मुद्दल किती, व्याजदर काय, तारण काय, जामीनदार कोण, हे लिहून काढावं. एका बैठकीत हे होत नाही. तीन-चार वेळा बसावं लागतं. मध्येच माणूस रडतो, चिडतो, एखादं देणं सांगायचं राहून जातं आणि दोन दिवसांनी आठवतं. त्या वेळी उलटतपासणी करू नये. पण आकडा कितीही मोठा निघाला तरी तो दुसऱ्या कुणीतरी पाहिलेला आहे, यानंच पुष्कळ भीती ओसरते.

वही भरली की पुढची गोष्ट दिसू लागते: ज्यांचा सगळ्यात जास्त धाक वाटतो, त्यांचा अधिकार बरेचदा सगळ्यात कमी असतो. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे की वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत, धमकावू नये, चारचौघांत अपमान करू नये, कर्जदाराच्या नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास देऊ नये. मायक्रोफायनान्ससाठी ही वेळ आणखी कमी, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, अशी आहे. कर्ज देणाऱ्या ॲपला फोनमधल्या संपर्कयादीत आणि फोटोंमध्ये शिरता येत नाही. बँकेनं किंवा वित्तसंस्थेनं तक्रार ऐकली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि अशा सावकारानं बळकावलेली जमीन चौकशीनंतर परत मिळवण्याची तरतूद त्यात आहे. त्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागतो. थकलेल्या बँककर्जासाठी एकरकमी तडजोड किंवा हप्त्यांची फेररचना मागता येते. ती मिळेलच असं नाही, पण मागण्यात कमीपणा नाही. खचलेल्या माणसाला हे सगळं एकट्यानं सुचणं आणि त्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणं अवघड असतं. सोबत जाणाऱ्याची गरज इथेच असते.

यावर सगळ्यात गंभीर आक्षेप शेतकरी चळवळीतून येतो आणि तो मला मनापासून पटतो. कर्ज हा धोरणाचा प्रश्न आहे. भाव, सिंचन, पीकविमा, सार्वजनिक आरोग्यसेवा यांच्या अपयशाला शेतकऱ्याचं नैराश्य म्हणणं ही जबाबदारी झटकण्याची युक्ती आहे, असं ही मंडळी म्हणतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या, त्यातले ४,२४८ महाराष्ट्रातले होते. त्याच वर्षी देशातल्या एकूण आत्महत्यांपैकी ४.१ टक्के दिवाळखोरी वा कर्जबाजारीपणाच्या खात्यात नोंदल्या गेल्या, तर ३१.७ टक्के ‘कौटुंबिक समस्यां’च्या. घरातल्या किती भांडणांच्या मुळाशी पैसा असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही विभागणी पुरेशी वाटणार नाही. आपल्या राज्यात पात्र ठरलेल्या शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, पण ते माणूस गेल्यावर. तेव्हा धोरणावरचा राग योग्यच आहे. परंतु धोरण बदलायला वर्षं लागतात आणि तगादा आज संध्याकाळी येणार असतो. त्या संध्याकाळी सोबत देणारा माणूस धोरणाची जबाबदारी माफ करत नाही. तो धोरण बदलेपर्यंत एका माणसाला जगवतो.

दुसरा आक्षेप असा की, पैशांशिवाय नुसत्या बोलण्यानं काय साधणार? याचं उत्तर आपल्याच राज्यात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावपातळीवरचे कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक आणि गरजेपुरते मनोविकारतज्ज्ञ अशी त्याची रचना होती. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आलेल्या मूल्यमापनानुसार अठरा महिन्यांत नैराश्यग्रस्तांपैकी मदतीपर्यंत पोहोचलेल्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी दुसरी गावं घेतलेली नव्हती, म्हणून सगळं श्रेय प्रकल्पालाच देता येणार नाही. तरीही लोक बोलायला तयार होतात हे नक्की सिद्ध झालं. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतला प्रयोग मात्र काटेकोर तुलनेचा होता. तिथे डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत काम केलं आणि केवळ नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यांच्यात जास्त सुधारणा दिसली. त्या पद्धतीचा गाभा उपदेशाचा नव्हता. थांबलेली कामं छोट्या पायऱ्यांनी पुन्हा सुरू करणं आणि समोरचा प्रश्न तुकड्यांत सोडवणं हा होता. कर्जाची वही हे तसंच एक छोटं काम आहे.

सहानुभूतीनं कर्ज बुडवायची सवय लागेल, अशीही भीती घातली जाते. इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२१ पासून कर्जदाराला कायद्यानं साठ दिवसांची उसंत मिळू शकते. त्या काळात बहुतेक देण्यांवरची वसुलीची कारवाई आणि व्याज थांबतं. मानसिक आणीबाणीत उपचार घेणाऱ्याला ही उसंत उपचार संपेपर्यंत आणि त्यापुढे आणखी तीस दिवस असते. देणं माफ होत नाही, पुढे ढकललं जातं. बुडवणारा माणूस बहुधा निवांत झोपतो. ज्याची झोप उडाली आहे त्याला फेडायचंच असतं. त्याला दम घ्यायला मिळाला तर धनकोचे पैसे परत मिळण्याची शक्यता वाढते, असं मला वाटतं. आपल्याकडेही असा कायदा हवा.

शेवटची अडचण सगळ्यात नाजूक आहे. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, असं अनेकांना वाटतं. आजवरच्या संशोधनात असं आढळलेलं नाही. सरळ आणि शांतपणे विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. निरवानिरवीची भाषा, ‘माझ्यामागे तुम्ही सुखी व्हाल’ असं बोलणं, अचानक वाढलेलं पिणं, ही लक्षणं दिसली तर प्रश्न टाळू नये. उत्तर ‘हो’ आलं तर व्याख्यान देऊ नये, त्या माणसाला एकटं सोडू नये, शेतीची औषधं घरातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात द्यावीत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली, तेव्हा १९९५ ते २०१५ या काळात तिथला आत्महत्येचा दर सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आला. तो क्षण टळला की पुष्कळ माणसं जगतात. मदत करणाऱ्यानंही स्वतःची मर्यादा ओळखावी: भरात येऊन जामीन राहू नये, स्वतः कर्ज काढून दुसऱ्याचं फेडू नये, आणि रोज ऐकून आपलंही मन जड होत असेल तर आणखी एखाद्या जवळच्या माणसाला सोबत घ्यावं.

सरकारच्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. कर्जदारानं स्वतःच फोन करावा असं नाही. त्याच्या बायकोनं, भावानं, मित्रानं केला तरी चालतो. तुमच्या ओळखीतला कुणी गेले काही महिने फोन उचलत नसेल, कार्यक्रमांना येत नसेल, तर या आठवड्यात त्याच्या घरी जा. जाताना वही-पेन न्या.