मैदान अमेरिकेचं (लेखांक १४) : रुंद बाजूचा धावपटू

या आठवड्यात ‘पाच तारे’वाल्या मुलांवर, म्हणजे शाळकरी खेळाडूंची क्रमवारी लावणाऱ्या संस्थांवर लिहायचं कबूल केलं होतं. तो विषय आठवडाभर थांबेल. मागच्या लेखातले वजनांचे आकडे वाचून सांगलीच्या एका वाचकांनी पत्र पाठवलंय, आणि त्यातला प्रश्न काही केल्या बाजूला ठेववेना. हे गृहस्थ तालमीत वाढलेले. कुस्तीत वजनगट असतात, १३५ किलोच्या गड्यासमोर ८० किलोचं पोर कुणी सोडत नाही. मग अमेरिकन फुटबॉलसारखा जो खेळ अंगावर जाण्याचाच आहे, त्यात साडेपाच फुटी मुलाला कॉलेज पूर्ण शिष्यवृत्ती देऊन का नेतं, असं त्यांना विचारायचंय.

अंगावर जायचं तर आधी गाठावं लागतं, हे थोडक्यात उत्तर. पण एवढ्यावर भागवलं तर प्रश्नाचा मान राहणार नाही.

६ डिसेंबर २००३. कॅन्सस सिटीचं ॲरोहेड स्टेडियम, बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सची अंतिम लढत. ओक्लाहोमा १२ पैकी १२ सामने जिंकून आलेला, देशात पहिल्या क्रमांकाचा संघ. त्यांचा क्वार्टरबॅक जेसन व्हाइट, ज्याला पुढच्याच आठवड्यात हाइजमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा किताब, मिळाला. समोर कॅन्सस स्टेट. १९३४ नंतर कॉन्फरन्सचं एकही विजेतेपद या कॉलेजच्या वाट्याला आलं नव्हतं. पहिला टचडाउन ओक्लाहोमानं केला आणि सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय असं वाटलं. मग पाच फूट सहा इंचाचा डॅरेन स्प्रोल्स धावायला लागला. त्या रात्री त्यानं पळून २३५ यार्ड काढले, शिवाय एक पास झेलून ६० यार्डांचा टचडाउन केला. निकाल ३५-७. ओक्लाहोमाच्या बचावफळीतले कित्येक जण पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळले, म्हणजे समोर कच्चे लिंबू नव्हते.

या सामन्याचं चित्रण मिळालं तर स्प्रोल्सकडे बघू नका, समोरच्या बचावातल्या लाइनबॅकरकडे बघा. स्नॅप होतो, म्हणजे चेंडू मागे दिला जातो, आणि तो डावीकडे-उजवीकडे मान वाकवून शोधत राहतो. सव्वासहा-साडेसहा फुटी पाच लाइनमन उभे असताना त्यांच्या मागचा साडेपाच फुटी मुलगा त्याला दिसतच नाही. दिसतो तेव्हा फटीतून बाहेर पडलेला असतो. एका सामन्यात अर्धा सेकंद उशीर वीस-पंचवीस वेळा झाला, की सामना गेला.

पाच वर्षांनी, २५ सप्टेंबर २००८ला, हेच ओरेगन राज्यात कोर्व्हालिसला घडलं. पहिल्या क्रमांकाचा यूएससी संघ ओरेगन स्टेटकडून २७-२१ असा हरला. तिथला जॅक्विझ रॉजर्स पाच फूट सात इंचाचा. १८६ यार्ड आणि दोन टचडाउन. त्याचा थोरला भाऊ जेम्स त्याच संघात, आणि उंचीही तेवढीच. दोघं टेक्ससचे. आता, टेक्ससमध्ये बड्या कॉलेजांचा तोटा नाही. तरी ही मुलं दोन हजार मैल लांब पावसाळी गावात का गेली?

याचं कारण शिष्यवृत्त्यांच्या हिशेबात आहे. १९७३पर्यंत देशपातळीवर मर्यादाच नव्हती. बडी कॉलेजं वाटेल तेवढी पोरं गोळा करत. मग १०५ची मर्यादा आली, १९७८पासून ९५ आणि १९९४पासून २०२५पर्यंत ८५. जागा मोजक्या झाल्या तसा बड्या कॉलेजांचा कोच सावध झाला. सहा फूट चार इंचाचा मुलगा वाया गेला तर लोक म्हणतात, पोरानं माती खाल्ली. साडेपाच फुटी मुलगा वाया गेला तर म्हणतात, कोचला डोळे नव्हते का? स्वतःची नोकरी धोक्यात घालून कोण बुटका मुलगा घेणार! म्हणून तो खाली ओघळतो, आणि ज्यांच्याकडे गमावण्यासारखं फारसं नाही त्यांच्या पदरात पडतो. १९८९ साली बिल स्नायडर कॅन्सस स्टेटला कोच म्हणून आले तेव्हा तो देशातला सर्वांत दुबळा संघ मानला जाई. हायस्कूलचे तारे त्यांच्या दारात येणार नव्हते. त्यांनी दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांतली मुलं घेतली, शिष्यवृत्तीविना येणारी घेतली, आणि इतरांनी टेपनं मोजून सोडलेली घेतली.

त्याच कॅन्ससमधल्या विचिटा शहरातला बॅरी सँडर्स तर स्प्रोल्स-रॉजर्सच्याही आधीचा. पाच फूट आठ इंच, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी बोलावणी. ओक्लाहोमा स्टेटला गेला, थर्मन थॉमसच्या मागे दोन वर्षं थांबला आणि १९८८मध्ये ११ सामन्यांत २६२८ यार्ड धावला. एका हंगामातला हा विक्रम आजही उभा आहे.

आता माझा लाडका मुद्दा. जागा अडली तरी चालेल, पण तो पुरताच सांगतो, कारण छोट्या मुलांना कॉलेजमध्ये भाव का येतो हे त्याशिवाय कळत नाही. हॅशमार्क! मैदानाच्या लांबीभर मधोमध छोट्या रेघांच्या दोन रांगा असतात. चेंडू यांच्या बाहेर कुठेही थांबला तरी पुढचा डाव जवळच्या रांगेवरून सुरू होतो. मैदानाची रुंदी १६० फूट, कॉलेजमध्येही आणि एनएफएलमध्येही. पण दोन रांगांमधलं अंतर एनएफएलमध्ये साडेअठरा फूट, कॉलेजमध्ये ४० फूट. १९९३च्या आधी तर ५३ फुटांहून जास्त होतं. म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट मोकळं मैदान. कोच मंडळी या रुंद बाजूला ‘फील्ड’ म्हणतात, अरुंद बाजूला ‘बाउंडरी’. एनएफएलमध्ये रुंद बाजू ८९ फुटांवर येते.

अकरा फुटांनी काय फरक पडतो? सगळाच पडतो. बचावात मागे उभा असलेला सेफ्टी धावणाऱ्याकडे सरळ पळत नाही. तो पुढे कुठे पोचेल याचा अंदाज बांधून तिरका पळतो. कोच याला ‘अँगल’ म्हणतात. अँगल बांधताना समोरच्याचा वेग मनात धरलेला असतो. मुलगा त्याहून जरासा जरी वेगवान निघाला, तरी सेफ्टी पोचतो तेव्हा तो तिथून गेलेला असतो. जागा अरुंद असली तर साइडलाइन आपोआप मदतीला येते. शंभर फुटांत तिची मदत उशिरा मिळते. चार-पाच रिसीव्हर मैदानभर पसरून खेळणारा स्प्रेड डाव कॉलेजमध्ये इतका फोफावला याचं एक मोठं कारण या रेघा आहेत, असं माझं ठाम मत आहे.

वेग मात्र खरा हवा, आणि इथेच फसवणूक होते. भरती शिबिरांत ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर पळवतात आणि हाती घड्याळ लावतात. मुलगा हललेला दिसल्यावर घड्याळवाला बटण दाबतो, त्यात वेळ जातो. शेवटची रेघ मात्र येताना दिसत असते, तिथे अंगठा तयारच असतो. वेळ कमी भरते. ॲथलेटिक्सवाले हे जाणून १०० मीटरच्या हाती वेळेत ०.२४ सेकंद मिळवतात. आणि ४० यार्डांत ४.४ आणि ४.६ यांच्यातच शिष्यवृत्तीचा निकाल लागतो! म्हणून शहाणा कोच शिबिरातला आकडा ऐकतो आणि मुलाचा १०० मीटरचा इलेक्ट्रॉनिक वेळ मागतो. वसंतात टेक्ससच्या शालेय ॲथलेटिक्स स्पर्धांना फुटबॉलचे कोच कुंपणाला टेकून उभे असतात ते यासाठीच. तिथे घड्याळ पिस्तुलाच्या आवाजाबरोबर सुरू होतं, आणि वारा किती होता तेही मोजलेलं असतं.

वेगवान मुलाला बचावातही जागा काढता येते. जिमी जॉन्सन १९८४ ते १९८८ मायामीत कोच होते. ते सेफ्टीला लाइनबॅकर करत आणि लाइनबॅकरला डिफेन्सिव्ह एंड. नव्या जागेवर तो मुलगा इतरांपेक्षा लहान, पण सर्वांत चपळ. १९८७चं राष्ट्रीय विजेतेपद याच पद्धतीनं आलं. टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठात (टीसीयू) गॅरी पॅटरसन यांनी तेच केलं: शाळेत रनिंग बॅक असलेला जेरी ह्यूज त्यांच्याकडे डिफेन्सिव्ह एंड झाला आणि २०१०मध्ये एनएफएलच्या पहिल्याच फेरीत निवडला गेला. अपवाद एकच, चेंडू घेऊन खेळणाऱ्या संघाचे पुढचे पाच लाइनमन. तिथे वजनाला पर्याय नाही, आणि स्प्रोल्सही त्या पाचांच्याच मागून पळत होता.

मला खरी चिंता कॉलेज बदलण्याच्या ‘ट्रान्स्फर पोर्टल’ची वाटते. २०२१पासून खेळाडूला वर्ष वाया न घालवता कॉलेज बदलता येतं. आता बड्यांनी धोका पत्करायची गरजच उरली नाही. छोट्या कॉलेजनं मुलगा हेरायचा, दोन वर्षं घडवायचा, आणि त्यानं हजार यार्ड काढले की बड्यांनी पैसे दाखवून न्यायचा. हेरण्याचं कसब ज्यांच्याकडे आहे त्यांनाच त्याचं फळ मिळत नाही, हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. त्यावर उपाय म्हणून पुन्हा वर्षभर बसवावं, असंही म्हणवत नाही. मुलाच्या हाती खेळायची वर्षं चारच असतात.

म्हणूनच ड्यूस व्हॉनचं कौतुक. पाच फूट पाच इंच. २०२०मध्ये टेक्ससहून कॅन्सस स्टेटला आला, २०२१ आणि २०२२मध्ये प्रत्येकी १४०० यार्डांच्या वर धावला आणि तिथेच राहिला. २०२२ला कॉलेजनं पुन्हा कॉन्फरन्स जिंकली. वर्षअखेरीस अलाबामाविरुद्ध शुगर बोलमध्ये संघ ४५-२० असा हरला, पण ८८ यार्डांची एक धाव त्यानं अलाबामाच्याही बचावातून काढली. पुढच्या एप्रिलमध्ये डॅलस काउबॉइजनं त्याला सहाव्या फेरीत, २१२व्या क्रमांकावर घेतलं. फोन केला तो त्याच्या वडिलांनी. ते काउबॉइजचेच स्काउट.

सांगलीकरांच्या पत्रात आणखी एक प्रश्न आहे, इतक्या लहान मुलानं अंगावर येणाऱ्या लाइनबॅकरला अडवायचं कसं, असा. तो पेचाचा प्रश्न आहे आणि त्याला खांदा, कंबर, पायांची ठेवण असं सविस्तर उत्तर हवं. पुढच्या आठवड्यात आधी ते, आणि जागा उरली तर पाच तारे.