फरकाची फाईल

1985 साली जीएनयू ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर हवा असेल आणि अमेरिकी विद्यापीठांचं जाळं तुमच्या यंत्रापर्यंत पोचलेलं नसेल, तर त्याचे कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांना 150 डॉलर पाठवायचे. टपालाने चुंबकीय टेप यायची. सॉफ्टवेअर मुक्त, कितीही प्रती काढा, कोणालाही वाटा. पैसे पडायचे ते टेप आणि पोचवणावळीचे. सुधारित आवृत्ती निघाली की पुन्हा टेप.

त्याच वर्षी मे महिन्यात लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ नावाचा एक छोटा प्रोग्राम यूझनेट या चर्चा-जाळ्यावर टाकला. (वॉल यांचं नाव झालं ते दोन वर्षांनी आलेल्या पर्ल भाषेमुळे, पण माझ्या मते जगावर उपकार पॅचचेच जास्त.) दोन फाईलींमधला फरक काढून देणारा ‘डिफ’ युनिक्सवर आधीपासून होता. कोणती ओळ गेली, कोणती आली, आणि जागा ओळखू यावी म्हणून वरच्या-खालच्या काही ओळी, एवढाच त्याचा ऐवज. वॉल यांनी उलट बाजू सांभाळली: ही फरकाची फाईल घ्यायची आणि जुन्या सोर्सवर चढवायची. मधल्या काळात तुम्ही स्वतः चार ओळी घुसडल्या असतील आणि ओळींचे क्रमांक सरकले असतील, तरी पॅच आजूबाजूच्या ओळींवरून जागा हुडकायचा. नाहीच सापडली तर पडद्यावर ‘हंक फेल्ड’ उमटायचं आणि न बसलेला तुकडा ‘.आरईजे’ शेपटीच्या फाईलीत जाऊन पडायचा. तो मग हाताने बसवायचा. त्यासाठी सोर्स वाचावाच लागे, आणि अनेकांचं प्रोग्रामिंगचं खरं शिक्षण तिथेच झालं.

फरकाची फाईल म्हणजे साधा मजकूर. ईमेलमधून जायची, आणि मुख्य म्हणजे चढवण्याआधी वाचता यायची. वाचणाऱ्यालाच चूक दिसली तर तोच दुरुस्ती उलट पाठवायचा. अपाचे वेब सर्व्हर 1995 मध्ये असाच उभा राहिला. एनसीएसए या अमेरिकी संस्थेच्या सर्व्हरचं काम थंडावलं, तेव्हा तो वापरणाऱ्यांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या.

लिनक्स सप्टेंबर 1991 मध्ये फिनलंडच्या फुनेट सर्व्हरवर आलं. त्या डिरेक्टरीला ‘लिनक्स’ नाव दिलं आरी लेम्के यांनी. फाईल आणायची ती एफटीपीने. नावाच्या जागी ‘अनॉनिमस’, पासवर्डच्या जागी आपला ईमेल पत्ता. ‘बायनरी’ ही आज्ञा द्यायची राहिली तर इतका वेळ घालवून उतरवलेली दाबलेली फाईल उघडतच नसे. 1996 सालच्या 2.0 कर्नलचा दाबलेला सोर्स सहा एमबीच्या आसपास होता. 9.6 केबीपीएसच्या लाइनवर, सगळं सुरळीत गेलं तरी, जवळजवळ दीड तास. त्या मानाने फरकाची फाईल, म्हणजे तीही ‘पॅच’च, बऱ्याचदा काही मिनिटांत उतरे. मात्र क्रम चुकवायचा नाही: मधला एक राहिला की पुढचे बसत नाहीत.

भारतात 1995 पर्यंत हे सगळं संशोधन संस्थांपुरतं होतं. जुहूची एनसीएसटी, आयआयटी, अर्नेटचं जाळं. त्या वर्षीच्या 15 ऑगस्टला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, पण स्वस्तातलं खातं होतं ते नुसत्या मजकुराचं ‘शेल’ खातं. त्यात फाईल आधी व्हीएसएनएलच्या यंत्रावर उतरायची आणि तिथून झेडमोडेमने घरच्या पीसीवर. लाइन तुटली की कपाळाला हात. क्रोएशियाच्या निकशिच यांचं ‘डब्ल्यूगेट’ 1996 मध्ये आलं, आणि अर्धवट राहिलेली फाईल जिथे थांबली तिथून पुढे आणणं सोपं झालं.

पण आपल्याकडे लिनक्स खऱ्या अर्थाने पसरलं ते फोनच्या तारेवरून नव्हे, मासिकाच्या सीडीवरून. बेळगावात वाढलेले अतुल चिटणीस यांच्या पुढाकाराने ‘पीसीक्वेस्ट’ने 1996 पासून अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली, आणि पुढे दरवर्षी ती येत राहिली. एकाने अंक घेतला की ती सीडी दहा जणांच्या पीसीत फिरायची. तसं करायला परवानगीच होती.

या वाटपाचं कौतुक करताना एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. वर्षाला एक सीडी म्हणजे ईमेल हाताळणाऱ्या सेंडमेलमधलं किंवा एफटीपी सर्व्हरमधलं भगदाड वर्षभर उघडं. जे नेटवरून आणत तेही फार सुरक्षित नव्हते. जानेवारी 1999 मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन विद्यापीठाच्या सर्व्हरवरची ‘टीसीपी रॅपर्स’ची फाईल कोणीतरी बदलून ठेवली. यंत्राची राखण करणाऱ्या प्रोग्राममध्येच चोरवाट! अस्सल फाईलीची पीजीपी सही उपलब्ध होती, पण ती ताडून बघण्याची तसदी घेणारे थोडे.

त्याच वर्षी मार्चमध्ये डेबियन या लिनक्स-वितरणाच्या 2.1 आवृत्तीसोबत ‘ॲप्ट’ आलं. दोन आज्ञा दिल्या की काय बदललं, कशासाठी आणखी काय लागेल, हे यंत्रच ठरवायचं. सोय मोठी होती, पण ती नेट आहे हे धरूनच चालणारी. ज्यांच्याकडे ते नव्हतं त्यांच्यासाठी पुढे उबुंटू या दुसऱ्या वितरणाने फुकट, घरपोच सीड्या पाठवल्या. ती योजना 2011 मध्ये बंद झाली. पाकीट दारात पडेपर्यंत त्यातल्या कशाकशाच्या दुरुस्त्या निघालेल्या असत. त्या उतरवण्याइतकं नेट असतं, तर सीडी मागवलीच कशाला असती?