तीन रविवारचा पुकारा

लग्न चोरून लावायचं नाही, असा दंडक पश्चिम युरोपच्या चर्चने १२१५ साली रोमच्या लॅटरन परिषदेत घातला. वधूवरांची नावं आधी चर्चमध्ये जाहीर करायची, कुणाची हरकत असेल तर त्याने वेळेत पुढे यायचं. पुढे लागोपाठ तीन रविवार पुकारा करायचा प्रघात पडला. याला ‘बॅन्स’ म्हणतात. नवरदेवाची आधीची बायको कुठे हयात आहे का, दोघं अगदी जवळच्या नात्यातली आहेत का, हे चारचौघांना विचारून घेण्याची ही सोय. आपल्याकडे विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लागते ना, तिचीच ही थोरली बहीण म्हणा.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या विवाह कायद्यात हा पुकारा विसाव्या शतकाच्या अखेरीलाही टिकून होता. एक तर सरकारी परवाना काढा, नाहीतर चर्चमध्ये बॅन्स वाचून घ्या. समलिंगी जोडप्याला परवाना मिळत नव्हता. पण पुकाऱ्याला मुळात परवाना लागतच नाही! टोरांटोच्या मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चने नेमकं हेच हेरलं. डिसेंबर २००० मध्ये तिथे दोन जोडप्यांची नावं पुकारली गेली. एकात दोघी बायका, दुसऱ्यात दोघे पुरुष. १४ जानेवारी २००१ ला पाद्री ब्रेंट हॉक्स यांनी दोन्ही लग्नं लावली, तीही झग्याच्या आत बुलेटप्रूफ जाकीट चढवून. आशीर्वाद द्यायला उभ्या राहिलेल्या माणसाला हे घालावं लागावं!

सरकारने लग्नांची नोंद करायला नकार दिला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. तिथली गर्दी पाहण्यासारखी होती. विरोधात कॅथलिक, इव्हँजेलिकल, मुस्लिम आणि शीख संस्थांची एकत्र आघाडी. बाजूने उदारमतवादी ज्यू रब्बींचा गट. ‘धर्म विरुद्ध समलिंगी’ ही आपली सोपी विभागणी इथे पार कोलमडते, कारण भांडणाच्या दोन्ही बाजूंना देवाची माणसं होती.

१० जून २००३ ला ऑन्टारिओच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, आणि मला सगळ्यात गंमत वाटते ती इथे. आमचं धर्मस्वातंत्र्य डावललं गेलं, हा लग्नं लावणाऱ्या चर्चचा युक्तिवाद न्यायाधीशांनी फेटाळला. हा प्रश्न कायद्यातल्या लग्नाचा आहे, धर्मातल्या नव्हे, असं त्यांचं म्हणणं. जोडपी जिंकली ती समतेच्या हक्कावर. म्हणजे दार उघडायला चर्चचा जुना रिवाज कामी आला, आणि आत गेल्यावर न्यायालयाने धर्माला बाजूला बसायला सांगितलं.

कायदा आणि धर्म यांच्यातली हीच रेघ पुढे विरोधकांच्याही उपयोगी पडली. आपल्या श्रद्धेविरुद्ध लग्न लावण्याची सक्ती कुठल्याही धर्मगुरूवर करता येणार नाही, असं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००४ मध्ये सांगितलं. समलिंगी विवाहाच्या जुलै २००५ च्या देशव्यापी कायद्यातही ते आलं.

अपील न्यायालयाने ती दोन लग्नं नोंदवायलाही लावली, अर्थात मूळ तारखेनिशी, १४ जानेवारी २००१. समलिंगी विवाह कायदेशीर करणारा जगातला पहिला देश म्हणून नेदरलँड्सचं नाव घेतलं जातं. तिथे पहिली लग्नं लागली ती त्याच वर्षी १ एप्रिलला.