खाणीच्या तळापासून व्यवस्थापकपदापर्यंत

प्रत्यक्ष कामाचा अनुभव हा व्यवस्थापनाचा पाया होय, असे नेहमी म्हटले जाते. बहुतेक उद्योगांत हे केवळ मत असते. भारतातील कोळसा खाणींत मात्र ती कायदेशीर अट आहे.

या व्यवस्थेमागे सुरक्षिततेचा विचार आहे. भूमिगत खाणीत छत कोसळणे, मिथेन वायूचा स्फोट, आग आणि पाणी शिरणे हे धोके कायम असतात. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला खाणीत पाणी शिरून ३७५ कामगार मृत्युमुखी पडले. अशा ठिकाणी निर्णय घेणाऱ्यास पुस्तकी ज्ञान पुरत नाही.

पदांची चढती श्रेणी

खाणीतील वैधानिक पदांसाठी सक्षमता प्रमाणपत्र आवश्यक असते. त्यासाठीच्या परीक्षा खाण परीक्षा मंडळामार्फत घेतल्या जातात. हे मंडळ धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालयाशी संलग्न आहे. श्रेणीतील पहिली महत्त्वाची पायरी 'मायनिंग सरदार' ही होय. सरदाराकडे खाणीचा एक विभाग सोपविलेला असतो. तो छतावर काठी ठोकून आवाजावरून खडक पक्का आहे की सुटलेला, हे ताडतो. वायूची तपासणी करतो आणि धोका आढळल्यास कामगारांना बाहेर काढतो. त्यानंतर ओव्हरमन येतो. पाळीतील सरदारांच्या कामावर त्याची देखरेख असते. पुढे द्वितीय श्रेणी व प्रथम श्रेणी व्यवस्थापक प्रमाणपत्रे येतात. त्यांत खाणकायदे, वायुवीजन, यंत्रसामग्री, भूमापन आदी विषयांचे ज्ञान अपेक्षित असते.

पदवी आणि अनुभव

खाण अभियांत्रिकीच्या पदवी वा पदविकाधारकांना अनुभवाच्या कालावधीत सवलत मिळते. परंतु अनुभवाची अट पूर्णतः सुटत नाही. दुसरीकडे, अनुभवी कामगारालाही परीक्षेवाचून बढतीचा अधिकार प्राप्त होत नाही. ज्ञान व अनुभव यांपैकी एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये, हे या रचनेचे मर्म आहे.

या श्रेणीला मर्यादाही आहेत. पाळीतील श्रमांनंतर अभ्यासास वेळ काढणे कामगारास कठीण जाते आणि तांत्रिक विषयांची पुस्तके त्याच्या भाषेत सहज मिळत नाहीत. स्त्रियांना तर भूमिगत कामाची दारे दीर्घकाळ बंदच होती. २०१९ मध्ये तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामांसाठी, अटींसह, ती खुली झाली.

बदलता कायदा

खाण अधिनियम, १९५२ आणि कोळसा खाण विनियम, १९५७ यांनी ही चौकट घडविली. या विनियमांची जागा २०१७ च्या विनियमांनी घेतली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली असून १९५२ चा अधिनियम तिच्यात विलीन झाला आहे.

यंत्रे वाढत आहेत, कायदे बदलत आहेत. तथापि ज्याच्या आदेशाने माणसे जमिनीखाली उतरतात, त्याने स्वतः ती वाट तुडविलेली असावी, हे तत्त्व टिकविणे अगत्याचे आहे. नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील खाणपट्ट्यातील तरुणांसाठीही श्रमाकडून जबाबदारीकडे जाणारा हा मार्ग अभ्यासण्याजोगा आहे.