गेमिंग संगणक, पण बेताच्या पैशांत!

बालमित्रांनो, गेमिंग संगणक जुळवायचाय, पण आईबाबांनी ठरवलेली रक्कम बेताचीच आहे? मग वेगळं ग्राफिक्स कार्ड तूर्त राहू द्या. एएमडीच्या २०२१ सालच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असतं. ते रॅममधली जागा वापरतं, म्हणून १६ जीबीची एकच पट्टी न घेता ८-८ जीबीच्या दोन घ्या. माहितीला दोन वाटा मिळतात, खेळ कमी अडखळतो. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ दिसला तर मात्र सावध! त्यात ग्राफिक्स नसतं. कार्डाविना पडदा काळाच! रंगीत दिव्यांचे पंखे खुशाल गाळा. (दिव्यांनी का कुठे खेळ वेगात पळतो?) वाचलेले पैसे चांगल्या एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर घाला. तो थोडा जास्त वॅटचा घेतलात, तर पुढच्या दिवाळीत ग्राफिक्स कार्ड याच संगणकात बसवता येईल.